दिवेलागणीला मूल अडखळते का?

गेल्या महिन्यात एक आई आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दिवसा चांगली खेळते, पण दिवेलागण झाली की उंबऱ्याला अडखळते, ताटातली भाकरी चाचपडते. चष्मा लागू नये म्हणून दुकानातून नजरेचं टॉनिक आणलं. दोन महिने पाजतेय."

मी डोळे तपासले. पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेला, साबणाच्या फेसासारखे डाग होते. हा रातांधळेपणा! कारण अ जीवनसत्त्वाचा अभाव.

अंधुक उजेडात दिसण्यासाठी डोळ्याच्या पडद्याला लागणारे रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनते. ते कमी पडले की आधी संध्याकाळचे दिसेनासे होते, मग डोळा कोरडा पडतो. अशा मुलाला गोवर किंवा जुलाब झाले, तर काही दिवसांतच बुबुळ मऊ पडून फुटू शकते. मग गेलेली दृष्टी कोणतेही टॉनिक परत आणू शकत नाही.

ही मुलगी वेळेत आली. अ जीवनसत्त्वाच्या तीन मात्रा ठरल्या: लागोपाठ दोन दिवस दोन आणि दोन आठवड्यांनी तिसरी. आठवडा संपायच्या आत ती संध्याकाळी अंगणात धावू लागली.

खरे तर ही वेळ यायलाच नको. १९७० पासून आपल्या देशात बालकांना हे जीवनसत्त्व देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ लाख युनिट, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख, अशा एकूण ९ मात्रा मोफत मिळतात. मुलाचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा.

मात्र गोळ्या मनाने घेऊ नका. हे जीवनसत्त्व यकृतात साठते. जास्त झाले तर अपाय करते आणि गरोदरपणी गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. चष्म्याचा नंबरही त्याने उतरत नाही, मोतीबिंदूही विरघळत नाही.

रोजच्या ताटाचे मात्र भय नाही. शेवग्याचा पाला, मेथी, माठ, पालक, लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई आणि आंबा यांपासून शरीर हे जीवनसत्त्व तयार करते. दूध आणि अंड्याच्या बलकात ते आयतेच असते. भाजीला थोडे तेल हवेच. त्याशिवाय ते अंगी लागत नाही.

वाचकहो, आज तिन्हीसांजेला आपले मूल अंगणात कसे चालते, तेवढे पाहा. अडखळले तर औषधाच्या दुकानात नव्हे, दवाखान्यात न्या.