गॅरेजमधला हिरवा डबा

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या बायका एकत्र जमल्या की गप्पांचे विषय ठरलेले असतात. नातवाचं डे-केअर, इंडियन स्टोअरमधली महागडी मेथी, बर्फ आणि कंटाळा. गेल्या महिन्यात मात्र आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीने वेगळाच विषय काढला. ‘‘अगं, मुलाच्या गॅरेजमध्ये पत्र्याचा हिरवा डबा होता. चहूबाजूंनी सीलबंद, वर रशियन अक्षरं. मला वाटलं रंगाचा असेल. सून म्हणाली, आई, त्यात काडतुसं आहेत. चारशे चाळीस!’’

मुलाला ग्रीन कार्ड मिळालंय, तो दर रविवारी मित्रांबरोबर फायरिंग रेंजवर जातो. जुनी लष्करी रायफल घेतली आहे आणि तिच्यासाठी ‘स्वस्तात’ मिळाली म्हणून ही लष्कराची जुनी काडतुसं. सुनेला सातवा महिना आणि थोरला नातू चार वर्षांचा. ‘‘रागवावं की गप्प बसावं, काहीच कळेना,’’ मैत्रीण म्हणाली.

मला वाटतं, दोन्ही करू नये. आधी माहिती करून घ्यावी आणि मग नेमके प्रश्न विचारावेत. रागावलेल्या आईला मुलगा ‘तुला नाही कळायचं’ म्हणून गप्प करू शकतो. नेमकं विचारणाऱ्या आईला त्याला उत्तर द्यावंच लागतं. म्हणून थोडं वाचलं, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या सुभेदारांशी बोलले, आणि जे कळलं ते इथे मांडते आहे. आपल्यापैकी अनेकींची मुलं तिकडे आहेत, त्यामुळे हा प्रश्न एकटीचा नाही.

पहिला प्रश्न, ही काडतुसं स्वस्त का असतात? प्रत्येक देशाचं सैन्य युद्धासाठी काडतुसांचा साठा करून ठेवतं. रायफलचा प्रकार बदलला की जुना साठा निरुपयोगी होतो. मग काही देश तो नष्ट करतात, तर काही व्यापाऱ्यांना विकतात. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व युरोपातल्या देशांची कोठारं उघडली. शीतयुद्धासाठी भरून ठेवलेले लाकडी खोके अमेरिकेच्या बाजारात आले. एका खोक्यात दोन सीलबंद डबे, एका डब्यात ४४० काडतुसं. नव्या मालापेक्षा कितीतरी स्वस्त, त्यामुळे नेमबाजीची हौस असणाऱ्यांची चंगळ झाली. पुढे हा ओघ आटत गेला. चीनच्या मालावर १९९४ मध्ये बंदी आली, रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर २०२१ मध्ये निर्बंध आले, आणि २०२२ पासून युक्रेनच्या युद्धाने उरलेल्या साठ्यांनाही गिऱ्हाईक मिळालं. आज जे डबे विकले जातात, त्यातले बरेचसे आपल्याइतक्या वयाचे, काही तर त्याहून म्हातारे आहेत.

यात आपल्या महाराष्ट्राचाही धागा आहे. काडतुसाच्या बुडावर कारखान्याचा शिक्का आणि वर्ष कोरलेलं असतं. तिकडच्या हौशी लोकांना ‘केएफ’ आणि ‘ओएफव्ही’ ही अक्षरं चांगली ओळखीची आहेत. ‘केएफ’ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा १८६९ सालचा दारूगोळा कारखाना आणि ‘ओएफव्ही’ म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव! आपल्याच लोकांनी आपल्या सैन्यासाठी बनवलेला माल जगभर फिरून एखाद्या टेक्सासमधल्या दुकानात पोचतो, याची गंमतही वाटते आणि नवलही.

आता धोक्याकडे वळू. काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची किंवा पोलादाची पुंगळी, आतली दारू, टोकाची गोळी आणि बुडाशी असलेली छोटी टोपी, म्हणजे प्रायमर. चाप ओढला की टोपीवर घाव बसतो, ठिणगी पडते, दारू पेटते आणि गोळी सुटते. थंड, कोरड्या जागी नीट ठेवलेलं काडतूस पन्नास वर्षांनीही चालतं. पण उष्णता आणि ओल लागली की दारू बिघडते. सीलबंद डबा सुरक्षित, पण एकदा फोडला की वर्षानुवर्षं गॅरेजच्या उन्हात ठेवू नये. आपण पापड-कुरडया जशा हवाबंद ठेवतो तसंच.

म्हणून प्रत्येक काडतूस वापरण्याआधी डोळ्यांनी तपासायचं. पुंगळीला चीर आहे, ठोकर बसून पोचा आला आहे, हिरवट गंज खोलवर गेला आहे, गोळी हाताने हलते आहे किंवा आत दबली आहे, तर ते बाजूला काढायचं. ‘एकच तर आहे, उडवून टाकू’ असं म्हणायचं नाही. आणि भांडी घासायची पावडर, अमोनिया असलेलं पॉलिश किंवा गंज काढायचं तेल काडतुसाला लावायचं नाही. अमोनियाने पितळ कमकुवत होतं, आणि पातळ तेल टोपीत झिरपलं तर काडतूस निकामी होतं.

दुसरी गोष्ट मापाची. ‘७.६२’ हा आकडा ऐकून फसू नये. ७.६२ बाय ३९, ७.६२ बाय ५१ आणि ७.६२ बाय ५४ आर ही तीन वेगळी काडतुसं आहेत. नाव सारखं, पण लांबी, आकार आणि दाब वेगळे. कुकरला दुसऱ्या कंपनीची शिट्टी बसवून चालत नाही, तसंच हे. चुकीचं काडतूस बसलंच तर रायफल हातात फुटू शकते. नळीवर जे माप कोरलं आहे, तेच डब्यावर हवं, आणि शंका आली तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही. शंभर वर्षांची रायफल आणि पन्नास वर्षांची काडतुसं असा जोडा असेल, तर रायफलही एकदा तपासून घ्यायलाच हवी.

तिसरी गोष्ट म्हणजे चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर काय? जुन्या मालात टोपी पेटायला उशीर लागतो, असं कधी कधी होतं. सुभेदारसाहेब म्हणाले, ‘‘इथंच माणसं दगावतात, ताई. काय झालं म्हणून लगेच बोल्ट उघडतात, नाहीतर नळीत डोकावतात.’’ नियम असा की नळीचं तोंड निशाण्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं, अनेक जण तर पूर्ण मिनिट थांबतात. मग चेहरा बाजूला ठेवून काडतूस काढायचं. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला, नुसतं ‘फुस्स’ झालं, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे का हे पाहिल्याशिवाय पुढची गोळी झाडली, तर नळी फाटते.

चौथी गोष्ट आपल्याला चटकन कळेल. बऱ्याच जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळलं की नळीत मिठासारखा क्षार उरतो आणि हवेतली ओल ओढून घेतो. कैरी चिरून विळी न धुता ठेवली तर सकाळी काय होतं? तसंच रायफलच्या नळीचं होतं. हा क्षार तेलाने जात नाही, पाण्याने जातो. म्हणून त्याच दिवशी नळी आणि बोल्ट गरम पाण्याने धुवायचे, खडखडीत कोरडे करायचे आणि मग तेलाचा हात फिरवायचा. शिवाय अनेक रेंजवर पोलादी गाभ्याच्या गोळ्या चालत नाहीत. त्या ठिणग्या उडवतात, निशाण्याच्या मागच्या भिंतीची नासाडी करतात. म्हणून तिथे गोळीला लोहचुंबक लावून पाहतात. टोकाला रंग असलेल्या गोळ्या तर विचारल्याशिवाय वापरूच नयेत. जळत जाणाऱ्या ट्रेसर गोळ्यांनी वाळलेलं गवत पेटून वणवे लागले आहेत. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण हे तर हवंच.

आता जी गोष्ट पुरुषमंडळी सहसा बोलत नाहीत ती. ती म्हणजे शिसं. गोळीत शिसं असतं आणि बहुतेक टोप्यांमध्ये शिशाचं संयुग असतं. प्रत्येक बाराला त्याची बारीक धूळ हातावर, केसांवर, कपड्यांवर बसते. तोच माणूस घरी येऊन बाळाला उचलतो. शिशाची कोणतीही मात्रा लहान मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, आणि गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. म्हणून रेंजवरच साबणाने हातपाय आणि तोंड धुवायचं, तिथे खायचं-प्यायचं नाही, घरी आल्यावर आधी आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे, बूट दाराबाहेर. आपल्या आज्या बाहेरून आलेल्याला ‘आधी पाय धू’ म्हणायच्या, तेच इथे उपयोगी पडतं. आणि रिकाम्या पुंगळ्या नातवाला खेळायला द्यायच्या नाहीत. त्या दिसायला छान असतात, पण शिशाने माखलेल्या असतात.

सगळ्यात मोठा प्रश्न घरातल्या साठवणीचा. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की घरात बंदूक असलीच तर ती रिकामी आणि कुलपात असावी, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. ‘मुलाला हात पुरत नाही’ हे कुलूप नव्हे. चार वर्षांचं पोर स्टूल ओढून लाडवाचा डबा काढतं, हे आपण रोज बघतो. २०२१ मध्ये अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीने मेली आणि त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. कुटुंब सल्ला केंद्रात काम करताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. निराशेचा सगळ्यात वाईट क्षण थोडा वेळच असतो, त्या वेळी हाताशी काय आहे यावर पुष्कळ ठरतं. बाळंतपणानंतर सुनेचं मन खचलं असेल, मुलाची नोकरी गेली असेल, तर त्या काळात बंदूक घराबाहेर, विश्वासू जागी ठेवा असं म्हणायला आईने संकोच करू नये.

कायद्याचंही पक्कं माहीत हवं. अमेरिकेत ग्रीन कार्ड असलेला माणूस बंदूक आणि काडतुसं घेऊ शकतो. पण एच-वन-बी, विद्यार्थी किंवा व्हिजिटर व्हिसावर गेलेल्याला केंद्रीय कायद्याने ती घेणं किंवा बाळगणं सर्वसाधारणपणे बंद आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. शिवाय राज्याराज्याचे नियम वेगळे. ‘मित्राच्या नावावर घेतली’ ही पळवाट नव्हे, तो गुन्हाच.

आणि बॅगा! रेंजवर नेलेली बॅग मुलगा प्रेमाने आपल्याला देतो, तिच्या कप्प्यात एक काडतूस राहून गेलेलं असतं आणि विमानतळाच्या तपासणीत ते सापडतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस बाळगणं हाही गुन्हा आहे. नकळत राहिलं असं दिसल्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे अनेकदा रद्द केले आहेत. पण तोवर पोलीस ठाणं, वकील, तारखा हे सगळं साठीतल्या बाईच्या वाट्याला येतं. म्हणून प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. आठवण म्हणून रिकामी पुंगळीसुद्धा आणू नका.

नको असलेल्या काडतुसांचं काय करायचं? कचऱ्यात टाकायची नाहीत, पुरायची नाहीत, आगीत तर मुळीच नाहीत. तिकडे स्थानिक पोलिसांना फोन केला की ते मार्ग सांगतात. हे जाणत्यांचंच काम आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण गेले, त्यात आसपासच्या गावांतून मजुरीला आलेली माणसं होती. सैन्याच्या देखरेखीखाली हे घडू शकतं, तर आपल्या परसात काय होईल?

आपल्या गावच्या वाड्यांतही हा प्रश्न आहे, मैत्रिणींनो. आजोबांची परवान्याची बंदूक होती, ते गेले, बंदूक जमा झाली, पण ट्रंकेच्या तळाशी फडक्यात बांधलेली दहा-बारा काडतुसं तशीच राहिली. परवानाधारक गेल्यावर शस्त्र आणि काडतुसं दोन्ही जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. सापडली तर ती ठोकू नका, घासू नका, पोरांना दाखवू नका. आधी ठाण्याला कळवा, ते सांगतील तसं करा आणि जमा केल्याची पावती मागून घ्या. दिवाळीची साफसफाई दरवर्षी येतेच. यंदा माळ्यावरची ती ट्रंक आधी उघडा.