चूल पेटती ठेवणारे संग्रहालय

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम काउंटीत सुमारे ३५० एकरांवर पसरलेले बीमिश हे संग्रहालय एखाद्या इमारतीत मावणारे नाही. खाणकामगारांची वस्ती, विसाव्या शतकाच्या आरंभीची बाजारपेठ, शेतवाडी, रेल्वे स्थानक आणि या सर्वांना जोडणारी ट्राम मिळून ते बनले असून तेथील अनेक वास्तू आसपासच्या गावांतून दगड-विटांसह उतरवून येथे पुन्हा उभारल्या आहेत. या घरांत आणि दुकानांत त्या काळाचे कपडे घातलेली माणसे भाकरी-पाव भाजताना, शेगडीत कोळसा घालताना, छपाईचे खिळे जुळवताना दिसतात आणि पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. त्यांतील काही पगारी कर्मचारी असतात, तर अनेक जण आठवड्यातला एखादा दिवस विनामोबदला देणारे स्वयंसेवक असतात. अशा संस्थेला ‘जिवंत इतिहास संग्रहालय’ म्हणतात आणि काळानुरूप पोशाख करून तिथे काम करणाऱ्या व्यक्तीला ‘वेशधारी निरूपक’ म्हणता येईल. येथे निरूपण याचा अर्थ वस्तूची नुसती माहिती देणे असा नसून ती वस्तू, ती वापरणारा माणूस आणि समोरचा पाहुणा यांच्यातला संबंध उलगडून दाखवणे असा आहे. अमेरिकी लेखक फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ साली आपल्या पुस्तकात हाच भेद आग्रहाने मांडला आणि पुढे तो या क्षेत्राचा पाया ठरला.

या प्रकाराचे मूळ स्वीडनमध्ये आहे. आर्टर हाझेलियुस यांनी १८९१ साली स्टॉकहोममध्ये ‘स्कान्सेन’ हे खुले संग्रहालय सुरू केले, देशाच्या निरनिराळ्या भागांतील शेतकऱ्यांची घरे तिथे आणून उभी केली आणि प्रादेशिक पोशाखातील माणसांकरवी ती नांदती ठेवली. स्कॅन्डिनेव्हियातील अशी संग्रहालये पाहून प्रभावित झालेले फ्रँक ॲटकिन्सन १९५८ साली डरहॅम काउंटीतील बोज संग्रहालयाचे संचालक झाले. त्या संग्रहालयात उंची चित्रे आणि फ्रेंच फर्निचर होते, मात्र त्याच्या भोवतालच्या कोळसापट्ट्यातील जीवन झपाट्याने बदलत होते आणि त्याची एकही खूण जपली जात नव्हती. म्हणून ॲटकिन्सन यांनी निवड न करता संग्रह करण्याचे धोरण स्वीकारले, म्हणजे लोक जे देतील ते घेतले. परिणामी एका जुन्या लष्करी छावणीतील बराकी कपडे धुण्याच्या यंत्रांपासून खाणीतल्या दिव्यांपर्यंत असंख्य वस्तूंनी भरून गेल्या. याच संग्रहाच्या आधारे बीमिशची स्थापना १९७० मध्ये झाली आणि १९७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पुण्यात दिनकर केळकर यांनीही अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तूंनाच संग्रहालयाचा मान मिळवून दिला होता, पण केळकरांची दृष्टी त्या वस्तूंतील कारागिरीच्या सौंदर्यावर होती, तर ॲटकिन्सन यांना त्या वस्तूंनी केलेले काम जपायचे होते. काम जपायचे म्हटले की ते करणारा हात लागतो, आणि इथूनच स्वयंसेवकाची गरज सुरू होते.

स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्याला पोशाखाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे, परंतु पोशाख हा या कामाचा लहानसा भाग असून तोही शिस्तीचा आहे. मनगटी घड्याळ, नखांचा रंग, मोबाइल, आजच्या घडणीचे बूट हे सारे वर्ज्य असते, कारण एवढीशी विसंगतीही पाहुण्याचे लक्ष विचलित करते. कापडाची निवडही केवळ दिसण्यासाठी नसते: उघड्या आगीपाशी दिवसभर वावरणाऱ्या निरूपकाच्या अंगावर कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटण्याचा धोका असतो, तर लोकर सहसा चटकन पेट घेत नाही. शिवाय कपडे शरीराला काही गोष्टी शिकवतात. घट्ट अंतर्वस्त्रे घालून वाकता येत नाही, त्यामुळे बादली गुडघ्यांत वाकून उचलावी लागते, आणि घोळदार झगा सावरल्याशिवाय शेगडीपुढे उभे राहता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीच्या हालचाली चित्रांत ताठ का दिसतात, याचे एक उत्तर अशा अनुभवातून मिळते.

बीमिशमधील खाणवस्तीच्या स्वयंपाकघरात हे ज्ञान किती खोल जाते ते दिसते. १९१३ च्या सुमारास डरहॅमच्या खाणींत दीड लाखांहून अधिक लोक काम करत होते आणि घर व कोळसा या दोन्ही गोष्टी अनेक कुटुंबांना मजुरीचा भाग म्हणून मिळत असत. म्हणूनच तेथील लोखंडी शेगडी वर्षभर, ऐन उन्हाळ्यातही पेटलेली असे. तिच्या एका अंगाला पाव भाजण्याची भट्टी असे, पाणीही तिच्यावरच तापवले जाई, ओले कपडे तिच्यासमोर वाळत घालत आणि खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरे नव्हती तोवर कोळशाने माखून आलेला माणूस पत्र्याच्या टबात तिच्यापुढेच अंघोळ करी. नवरा एका पाळीत, मुलगा दुसऱ्या पाळीत, भाडेकरू तिसऱ्या पाळीत असला, की घरातल्या बाईला पाणी तापवण्यापासून आणि जेवण मांडण्यापासून चोवीस तास सुटका नसे. खाणकामगाराच्या मजुरीची नोंद दप्तरात सापडते, तिच्या श्रमांची सापडत नाही. ती शेगडी सकाळी पेटवून दिवसभर सांभाळणारा स्वयंसेवक जेव्हा पाहुण्याला सांगतो की झरोका थोडा बंद ठेवला नाही तर पाव करपतो आणि जास्त बंद केला तर पाणी तापत नाही, तेव्हा कोठेही न लिहिलेल्या त्या श्रमांचा एक अंश पाहुण्यापर्यंत पोहोचतो. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात बलुतेदारांच्या गावगाड्याचे सिमेंटचे पुतळे विलक्षण तपशिलाने घडवलेले आहेत आणि ते पाहण्यासारखे आहेत. तरीही पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि जिवंत निरूपकाचे सारे महत्त्व त्या प्रश्नात आहे.

बीमिशमधील स्वयंसेवक आणखी एक कला जिवंत ठेवतात, ती चिंध्यांच्या सतरंजीची. लाकडी चौकटीवर ताणलेल्या गोणपाटात जुन्या कपड्यांच्या पट्ट्या टोकदार काठीने खुपसून किंवा आकड्याने वर ओढून ती बनवत. गोधडीप्रमाणे तीही गरजेतून जन्मली आणि घरातल्या सगळ्यांचे हात तिला लागत. नवी सतरंजी बहुधा नाताळच्या सुमारास शेगडीपुढे अंथरली जाई आणि आधीची आतल्या खोलीत जाई.

निरूपणाच्या दोन पद्धती आहेत. तृतीयपुरुषी पद्धतीत निरूपक जुना पोशाख घालूनही आजचाच माणूस राहतो आणि ‘ते लोक असे करत’ असे सांगतो. बीमिशमध्ये प्रामुख्याने हीच पद्धत आढळते. प्रथमपुरुषी पद्धतीत तो त्या काळातील व्यक्तीच बनतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९४७ साली स्थापन झालेल्या प्लिमथ येथील संग्रहालयात १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजाने आलेल्या इंग्रज वसाहतकारांचे गाव उभारले असून तेथील निरूपक त्या गावातील प्रत्यक्ष रहिवाशांची नावे, श्रद्धा आणि बोली धारण करतात. विमानाविषयी विचारले तर त्यांना ते कळतच नाही. ही पद्धत प्रभावी आहे, पण तिची मर्यादाही मोठी आहे: पात्राला जे ठाऊक नाही ते सांगता येत नाही, आणि त्या काळातले पुष्कळसे अन्याय तेव्हाच्या माणसांना अन्याय वाटतच नव्हते. याच संग्रहालयात वाम्पानोआग या मूळ रहिवासी लोकांची वस्तीही आहे. तेथील मूळनिवासी कर्मचारी पारंपरिक वेशात असले तरी सतराव्या शतकातील पात्र होत नाहीत, ते आजचे लोक म्हणून बोलतात, कारण त्यांचा समाज इतिहासजमा झालेला नाही. २०२० मध्ये संग्रहालयाच्या नावात ‘पटुक्सेट’ हे त्या जागेचे मूळ नाव जोडले गेले, ही उशिरा का होईना, योग्यच गोष्ट झाली.

कोणाचा भूतकाळ दाखवायचा, हा प्रश्न व्हर्जिनियातील कलोनियल विल्यम्सबर्गमध्ये अधिक तीव्र झाला. अठराव्या शतकात व्हर्जिनियाची राजधानी असलेल्या या शहरात सुमारे निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती आणि तिच्यातील बहुतेक जण गुलाम होते, तरी १९३० च्या दशकात खुले झालेल्या या संग्रहालयाने दीर्घकाळ मुख्यतः गोऱ्या उच्चभ्रूंची आणि कारागिरांची नगरी दाखवली. १९७९ पासून कृष्णवर्णीय निरूपकांनी गुलामांच्या भूमिका करण्यास आरंभ केला आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये क्रिस्टी कोलमन यांच्या पुढाकाराने गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर झाला, तेव्हा नागरी हक्क संघटनांनी वेदनेचा तमाशा होईल या भीतीने निषेध केला. ती भीती निराधार नव्हती. परंतु तो प्रसंग वगळून उरलेले शहर खरे ठरले नसते, हा कोलमन यांचा पक्षही तितकाच बळकट होता. या वादातून निरूपकांच्या प्रशिक्षणासाठी निघणारा धडा असा, की पुराव्याने सिद्ध झालेले, लोकांच्या आठवणीतले आणि अनुमानाने जुळवलेले यांतला फरक निरूपकाने स्वतः ओळखावा आणि पाहुण्यालाही सांगावा. नटाला हे बंधन नसते, निरूपकाला ते टाळता येत नाही.

बीमिशने अलीकडे १९५० च्या दशकातील वस्ती उभारल्यापासून तेथील स्वयंसेवकांपुढे एक वेगळीच परिस्थिती निर्माण झाली आहे. १८२० च्या दशकासारख्या दूरच्या काळाविषयी पाहुण्याला निरूपकाइतके क्वचितच ठाऊक असते. १९५० च्या दशकातील स्वयंपाकघरात मात्र समोरचे वृद्ध जोडपे तशाच घरात वाढलेले असू शकते आणि कपाटातला डबा चुकीच्या फळीवर आहे हे तेच दाखवून देते. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या ज्येष्ठांसाठीही संग्रहालय अशा घरांत खास उपक्रम चालवते, कारण ओळखीच्या वस्तू हाती आल्यावर त्यांच्यातील काहींना पुन्हा बोलावेसे वाटते. डरहॅमच्या कोळसापट्ट्यातील शेवटची खोल खाण १९९३ मध्ये बंद झाली, त्यामुळे खाणीत प्रत्यक्ष उतरलेल्यांची संख्या दर वर्षी घटते आहे. अशा वेळी वेशधारी स्वयंसेवकाने सांगायचे थांबवून विचारायला लागणे आणि मिळालेले उत्तर संग्रहालयाच्या नोंदीत पोहोचवणे, हे त्याच्या कामातील सर्वांत तातडीचे काम होऊन बसले आहे.