निळ्या ड्रमातली मेथी

बोईसरला घरच्या भाजीचा विषय निघाला की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला: अणुवीज केंद्र इतकं जवळ, मग ही भाजी खायची का? तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते आणि आसपासची भाजी, दूध, मासळी यांचे नमुने भाभा अणुसंशोधन केंद्राची तिथली पर्यावरण प्रयोगशाळा नियमित तपासते. गच्चीतल्या निळ्या ड्रमाची चौकशी मात्र कुणी करत नाही.

हा ड्रम भंगारवाल्याकडचा. मधोमध कापला की दोन कुंड्या, बुडाला भोकं पाडली की झालं. पण तारापूर एमआयडीसीत रंग, औषधं, रसायनं यांचे कारखाने. ड्रमात आधी काय भरलं होतं, हे वासावरून कळेलच असं नाही. बुडाशी त्रिकोणात २ चा आकडा असतो, तो फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. काही द्रावकं या प्लॅस्टिकमध्ये मुरतात, साबणाने घासून निघत नाहीत आणि पुढे ओल्या मातीत हळूहळू उतरतात. मूळ लेबल शाबूत असलेला, खाद्यपदार्थाचा ड्रम मिळाला तर घ्यावा. नाहीतर साधी मातीची कुंडी बरी.

माती कुठली, हा त्याहून मोठा प्रश्न. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. (असला पहिला नंबर कुणाला हवाय!) पण तुमच्या अंगणातला भराव कुठून आला, हे त्या गुणांत नाही. मातीत कॅडमियम असलं तर मुळं ते पाण्याबरोबर वर चढवतात. पाणी पानांतून उडून जातं, धातू मागे राहतो. म्हणून पालक, माठ, मेथीत तो जास्त साठतो. फळाचं पोषण बरंचसं दुसऱ्या नळ्यांतून होतं आणि त्या वाटेने शिसं तर फारच कमी जातं. शिशाची भीती मुळांत आणि पानांवर बसलेल्या धुळीत अधिक. थोडक्यात, माती संशयास्पद असेल तर दुधी, शिराळी, पडवळ लावा. पालेभाजीला खात्रीची माती आणि भरपूर कंपोस्ट द्या. कंपोस्ट धातूंना बरंचसं बांधून ठेवतं.

उरला पाण्याचा प्रश्न. मोरीच्या पाण्यावर अळू लावायचं, ही जुनी रीत. पण तेव्हा मोरीत डिटर्जंट नव्हता. त्यातलं सोडियम साचलं की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. किनाऱ्याकडे बोअरचं पाणी मचूळ असेल तिथे घेवडा आधी करपतो. पालक, बीट तग धरतात. उन्हाळाभर साठलेलं मीठ जूनचा पाऊस धुऊन नेतो, पण त्यासाठी कुंडीच्या बुडाची भोकं तुंबलेली नसावीत.