आराखड्यांचा व्यापार

ज्या मालाला वजन नाहीं आणि जो विकला तरी विकणाराच्याच घरीं राहतो, अशा मालावर कोणी गबर होऊं शकेल, असें आपल्या आजोबांस सांगितलें असतें तर त्यांनीं ती थट्टाच समजली असती. पण आज घरांतील बहुतेक प्रत्येकाच्या खिशांत जो मोबाइल असतो, त्याच्या पोटीं हाच माल भरलेला आहे.

मोबाइलमधील नखाएवढ्या चिपेवर अब्जावधि ट्रान्झिस्टर असतात. त्या सर्वांची मांडणी एकाच मंडळीनें पहिल्यापासून करावयाची म्हटली, तर ती पुरी होण्यापूर्वींच बाजार पुढें निघून जाईल. म्हणून हिशेब करणारा एक भाग, चित्रें उमटविणारा दुसरा, बाहेरचे संदेश घेणारा तिसरा, असे आधींच आंखून व तपासून ठेवलेले ठोकळे विकत आणतात आणि एका चिपेवर जोडतात. छापखानेवाला प्रत्येक पुस्तकासाठीं नवे खिळे ओतीत बसत नाहीं, तयार खिळेच जुळवितो, तसेंच हें. फरक इतकाच, कीं येथें खिळा हातीं येतच नाहीं. येतो तो त्याचा आराखडा. कांहीं आराखडे केवळ सांकेतिक भाषेंत लिहिलेले असतात, ते घेणारानें आपल्या सोयीनें मांडावे. कांहींची रेघन्‌रेघ आंखलेली असते, आणि ते एका विशिष्ट कारखान्याच्या पद्धतीलाच जमतात. धंद्यांत या ठोकळ्यांना ‘आय्. पी.’, म्हणजे बौद्धिक संपत्ति, असें सरळ म्हणतात.

या व्यापारांतील सर्वांत गाजलेली पेढी म्हणजे इंग्लंडांतील केंब्रिजची ‘आर्म’. तेथील एकॉर्न कंपनी शाळांतून वापरले जाणारे संगणक करीत असे. तिच्या सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर या दोघांनीं एक साधा, आटोपशीर प्रोसेसर रचिला, आणि २६ एप्रिल १९८५ रोजीं त्याची पहिली चिप चालूं लागली. तिच्यावर ट्रान्झिस्टर होते सुमारें पंचवीस हजार. ती वीज किती खाते हें फर्बर मोजूं लागले, तों मापकाचा कांटा शून्यावर! शोध करतां कळलें, कीं तिला वीज जोडलेलीच नव्हती; इतर तारांतून जी थोडी वीज आंत झिरपे, तेवढ्यावरच ती बिनबोभाट काम करीत होती. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांच्या युगांत या मिताहाराचें मोल पुढें फार वाढलें.

१९९० सालीं एकॉर्न, ॲपल व व्ही. एल्. एस्. आय्. टेक्नॉलॉजी यांनीं मिळून ही निराळी कंपनी काढली. इंजिनियर बारा, आणि लौकरच बिऱ्हाड थाटलें तें एका खेड्यांतील धान्याच्या कोठारांत. चिपा घडविण्याचा कारखाना तिच्यापाशीं नव्हताच. तेव्हां प्रमुख रॉबिन सॅक्सबी यांच्या काळांत असें ठरलें, कीं आराखडा वापरण्याचा परवाना द्यावा, त्याची फी आधीं घ्यावी आणि विकल्या जाणाऱ्या दर चिपेमागें थोडी रॉयल्टी घ्यावी. ग्रंथकार आणि प्रकाशक यांच्यामधला जुनाच करार! १९९७ चा नोकिया ६११० हा फोन याच आराखड्यावर चालला, आणि २०२३ सालापर्यंत अशा चिपांची संख्या अडीचशें अब्जांहून वर गेली.

परंतु परक्याचा आराखडा घेतला म्हणजे त्याचे दोषहि घ्यावे लागतात. जानेवारी २०१८ मध्यें ‘स्पेक्टर’ नांवाचें वैगुण्य उघडकीस आलें. इतर कंपन्यांच्या प्रोसेसरांप्रमाणें तें आर्मच्याहि कित्येक आराखड्यांत निघालें, आणि ज्यांनीं ते विश्वासानें घेतले होते त्यांच्या चिपांत आपोआप उतरलें.

मालकीचा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा. नुव्हिया नांवाच्या लहानशा कंपनीनें आर्मचा परवाना घेऊन त्यावर स्वतःचा नवा प्रोसेसर रचावयास घेतला. २०२१ सालीं क्वालकॉमनें ती कंपनीच विकत घेतली. आर्मचें म्हणणें असें, कीं आमच्या संमतीवांचून परवाना दुसऱ्याकडे जात नाहीं, सबब त्याखालीं झालेलें काम नष्ट करा. क्वालकॉम म्हणे, आमचा स्वतःचा परवाना आहेच. २०२२ सालीं फिर्याद झाली. जागा कोणाची आणि तिच्यावरच्या भिंती कोणाच्या, या वादापायीं आपल्याकडे कोर्टाच्या पायऱ्या किती झिजल्या, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नकोच. डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेंतील डेलावेअरच्या ज्यूरीनें क्वालकॉमच्या चिपा तिच्याच परवान्याखालीं येतात असा निर्णय दिला. नुव्हियानें करार मोडला कीं काय, यावर मात्र एकमत झालें नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत न्यायाधीशांनीं तोहि मुद्दा आर्मच्या विरुद्ध निकालांत काढला.

या कटकटींतून सुटण्याची एक वाट १९१० नव्हे, अगदीं अलीकडे, २०१० सालीं, कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत निघाली. तेथील मंडळींनीं ‘रिस्क-फाइव्ह’ या नांवानें प्रोसेसरच्या आज्ञांची एक भाषा रचून ती सर्वांस मोकळी केली. भाषा फुकट झाली म्हणून तिच्यांतला प्रत्येक ग्रंथ फुकट होत नाहीं; तिच्यावर रचलेले पुष्कळ ठोकळे आजहि पैसे मोजूनच घ्यावे लागतात. मद्रासच्या आय्. आय्. टी.नें मात्र याच भाषेवर ‘शक्ति’ नांवाचे प्रोसेसर रचिले आणि त्यांचे आराखडे खुले ठेविले. त्यांपैकीं एक २०१८ सालीं चंडीगडजवळील सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेंत घडविला गेला.