डेंग्यू की डेंगू?

मराठी माणूस 'डेंग्यू' लिहितो, हिंदी भाषक 'डेंगू', आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करणारा मनाला येईल ते. खारघर, कामोठे, कळंबोलीच्या एकाच सोसायटीत हे तिघंही राहतात. पावसाळ्यात अंगात ताप भरला की तिघंही आधी मोबाइल उघडतात. या शोधांवरून आजार अभ्यासणाऱ्या संशोधकाने मात्र एकच शब्द घेतला, की बाकीचे दोघे हिशेबातून गेलेच.

लोक गूगलवर काय शोधतात ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स मे २००६ मध्ये आलं, तेव्हा समाजशास्त्राच्या अभ्यासकांना घबाडच मिळाल्यासारखं झालं. प्रश्नावली नको, दारोदार फिरणं नको. लोक जे दुसऱ्याला सांगत नाहीत, ते शोधपेटीत लिहितात! २००८ मध्ये शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधणारं गूगलचं 'फ्लू ट्रेंड्स' आलं, आणि २०११ मध्ये आलेल्या 'डेंग्यू ट्रेंड्स'मध्ये तर भारतही होता.

मग अंदाज चुकू लागले. ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे फ्लू ट्रेंड्सने अमेरिकेतली साथ प्रत्यक्षाहून मोठी दाखवली, हे २०१४ मध्ये 'सायन्स'मधल्या लेखाने मांडलं. बातमी वाचून धडधाकट माणूसही लक्षणं शोधतो. शिवाय गूगल स्वतःच शोधाच्या सूचना बदलत असतं. २०१५ मध्ये दोन्ही प्रयोग बंद पडले.

आपल्याकडे गोम आणखी वेगळी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट आलं आणि शोधणारी माणसंच बदलली. त्याआधीचा आलेख नंतरच्या आलेखाशेजारी ठेवून 'चिंता वाढली' म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं. त्यात ट्रेंड्स माणसं मोजत नाही. एकूण शोधांतला वाटा ० ते १०० या पट्टीवर बसवतं. शोध थोडे असले की सरळ शून्य. पनवेलसारख्या गावाचं बऱ्याचदा तेच होतं. वर 'पनवेल' शोधणारा पनवेलकरच असेल असंही नाही. कोकणची गाडी पकडणारा दादरकरही असतो.

हे साधन टाकाऊ नाही. आपण कशाला घाबरतो, काय विचारायला लाजतो, हे त्यातून दिसतं. पण रुग्ण मोजायचे तर रक्ताचा नमुना आणि दवाखान्याची नोंदवहीच लागते.

प्रबंधासाठी ट्रेंड्स वापरणाऱ्यांना एवढीच विनंती: शब्दाची सगळी रूपं घ्या, आकडे कोणत्या तारखेला उतरवले ते लिहून ठेवा. ते नमुन्यावरून काढलेले असतात. तोच शोध उद्या पुन्हा केलात, तर आकडे थोडे वेगळे येतील.