जुन्या फियाटला चारही चाकांवर डिस्क ब्रेक : बसवावेत का?

मघाशी चहा घेताना एका काकांनी विचारलं, "वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. देगलूरहून हैदराबादला न्यायची म्हणतो. चारही चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेऊ का?" आजचं बोलणं त्यांच्या प्रश्नावरच करू.

आपण जिला फियाट म्हणतो ती ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. मूळ नमुना इटलीच्या फियाट ११०० डीचा. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढे १९६६ साली इटलीत ११०० आर आली, तिला पुढच्या चाकांना डिस्क दिले, मागे मात्र ड्रमच ठेवले. असं का, ते बघू.

ब्रेक करतो काय? गाडीच्या वेगाची उष्णता करतो. माणसांसकट १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे ३ लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात एक लिटर पाणी उकळीच्या जवळ येतं. ४० च्या वेगाला हीच उष्णता पाव होते. म्हणजे वेग दुप्पट झाला की ब्रेकचं काम चौपट.

ड्रममध्ये ही उष्णता कोंडते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनरची पकडही कमी होते. कन्नडच्या घाटात सारखा ब्रेक दाबत उतरलात, की पेडल खाली जायला लागतं ते यामुळं. डिस्क उघडी असते, वाऱ्यावर लवकर थंड होते. इथं डिस्क सरस, यात वाद नाही.

पण ड्रमचा एक गुण आपण विसरतो. फिरणारा ड्रम एका शूला आपल्याबरोबर ओढून घेतो आणि तो शू आपोआप जास्त आवळतो. डिस्कमध्ये असं होत नाही. त्यामुळं बूस्टर नसलेल्या गाडीला नुसती डिस्क लावली, तर पाय जास्त जोरानं दाबावा लागतो. कॅलिपरला ब्रेक ऑइलही जास्त लागतं, जुना मास्टर सिलिंडर तेवढं देईलच असं नाही. शिवाय ड्रमच्या बऱ्याच मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापतं.

आता मागची चाकं. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, वजन पुढं सरकतं, मागची चाकं हलकी होतात. त्यांना जास्त ब्रेक दिला तर ती आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागं डिस्क लावायची तर मागचा दाब कमी करणारी झडप हवी. आणि हँडब्रेक! ड्रममध्ये त्याची केबल असते. साधा कॅलिपर लावला तर हँडब्रेकच जातो. मग चढावर गाडी दगड लावून उभी करणार का?

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे. जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच लाइन असते. एक होज फुटला की सगळे ब्रेक गेले. दोन स्वतंत्र लाइनींचा मास्टर सिलिंडर असेल, तर एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते. चार डिस्क लावूनही लाइन एकच ठेवली, तर हा धोका तसाच राहतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांबाबत कडक भूमिका घेतली. म्हणून खर्च करण्याआधी नांदेडच्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा.

तर काका, क्रम असा ठेवा. आधी ड्रम, लायनर, व्हील सिलिंडर, रबरी होज आणि ब्रेक ऑइल नवंजुनं तपासून ठीक करा. मग दोन लाइनींचा मास्टर सिलिंडर. त्यानंतरही महामार्गावर वेगानं जायचं असेल, तर परवानगी बघून पुढं डिस्क आणि सोबत बूस्टर. मागचे ड्रम राहू द्या. काम झाल्यावर मोकळ्या मैदानात, कमी वेगापासून सुरुवात करून ब्रेक दाबून बघा. मागची चाकं आधी जाम होत असतील, तर गाडी रस्त्यावर आणू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.