मत्स्यपेटीतील पाणवनस्पतींसाठी स्वस्त व पुरेसा प्रकाश

वाशीम जिल्ह्याचे शेतीचे अर्थकारण मुख्यत्वे सोयाबीन व तूर या दोन पिकांवर उभे आहे. पावसाने ओढ दिली किंवा बाजारभाव उतरले, की घरखर्चाचा मेळ बसविणे कठीण होते. अशा वेळी घराच्या ओसरीत किंवा एखाद्या रिकाम्या खोलीत करता येईल असा जोडधंदा कुटुंबाला आधार देऊ शकतो. शोभिवंत माशांचे व त्यांच्यासोबत ठेवावयाच्या पाणवनस्पतींचे संवर्धन हा असाच एक धंदा होय. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घराच्या परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनाचा अंतर्भाव करण्यात आला, यावरून या धंद्याचे महत्त्व ध्यानात येईल.

तथापि या धंद्यात नव्याने पडणाऱ्या माणसाची पहिली फसगत बहुधा दिव्याच्या खरेदीत होते. झाडे वाढवावयाची म्हणजे खास झाडांसाठी बनविलेला महागडा दिवा हवाच, असा समज सर्वत्र पसरलेला आहे. भांडवलाचा मोठा भाग दिव्यावर खर्च होतो, प्रखर उजेडाने पेटीत शेवाळ माजते, झाडे त्याखाली गुदमरतात आणि गोठ्यातील बादल्यांप्रमाणे पेट्याही अडगळीत जाऊन पडतात. वास्तविक, लहान पेटीला घरात वापरला जाणारा साधा एलईडी दिवा पुरेसा असतो. मात्र तो समजून-उमजून निवडला पाहिजे व ठरलेल्या वेळेपुरताच लावला पाहिजे.

प्रकाशाचे कार्य

पाण्याखालील वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, ही गोष्ट डच वैद्य यान इंगेनहाउझ यांनी १७७९ साली दाखवून दिली. पाण्यात बुडविलेल्या हिरव्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात व अंधारात ते थांबतात, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. आपल्या देशात सर जगदीशचंद्र बोस यांनी याच विषयावरील आपल्या १९२४ च्या ग्रंथात हायड्रिला या पाणवनस्पतीवर केलेले प्रयोग वर्णिले आहेत. ही हायड्रिला महाराष्ट्रातील तळ्यांत व कालव्यांत आपोआप वाढते. शाळेतील विज्ञानाच्या तासाला तिची ओळख प्रत्येक विद्यार्थ्याला झालेली असते.

वनस्पती प्रकाशातील तांबडा व निळा भाग अधिक प्रमाणात शोषून घेते. परंतु हिरवा-पिवळा भागही अगदी वाया जात नाही. म्हणून पांढरा प्रकाश देणारा कोणताही चांगला दिवा तिला चालतो. जांभळट-गुलाबी उजेडाचे दिवे झाडांना मानवतात हे खरे. पण त्या उजेडात मासे व पाने यांचे मूळ रंग दिसत नाहीत, आणि विक्रीस ठेवलेली पेटी तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरली पाहिजे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. प्रकाश हा वनस्पतीच्या अन्नाचा एक घटक आहे. कर्बवायू व पोषक क्षार हे दुसरे दोन घटक होत. शेतात पाणी व खत न वाढविता केवळ बियाणे दाट पेरले तर पीक वाढत नाही, तद्वतच कर्बवायू व क्षार मोजकेच असताना उजेड वाढविल्याने झाडे वाढत नाहीत. तो जास्तीचा उजेड शेवाळाच्या उपयोगी पडतो.

प्रकाश किती असावा

दिव्याच्या वेष्टनावर दोन आकडे छापलेले असतात. वॉट हा आकडा वीज किती लागते ते सांगतो, तर ल्यूमेन हा आकडा उजेड किती पडतो ते सांगतो. खरेदी करताना ल्यूमेनचा आकडा पाहावा. साधारण ९ वॉटचा चांगला एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्यूमेन, १० वॉटची दोन फुटी एलईडी पट्टी सुमारे १,००० ल्यूमेन व २० वॉटची चार फुटी पट्टी सुमारे २,००० ल्यूमेन उजेड देते.

हौशी मत्स्यपालकांत रूढ असलेला ढोबळ हिशेब असा : दर लिटर पाण्यामागे १० ते २० ल्यूमेन हा कमी, २० ते ४० हा मध्यम व ४० च्या वर प्रखर प्रकाश समजावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत वाळू व दगड वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी मावते. तिच्यावर १० वॉटची एक पट्टी लावली तर लिटरमागे सुमारे २२ ल्यूमेन पडतात. हायड्रिला, वालिसनेरिया, जावा फर्न, अनुबियास व क्रिप्टोकोरिन या वनस्पतींना एवढा प्रकाश पुरेसा होतो. तांबड्या पानांच्या व जमिनीलगत गालिच्यासारख्या पसरणाऱ्या जातींना दुप्पट प्रकाश व वरून कर्बवायूचा पुरवठा लागतो. नवशिक्याने प्रारंभी त्यांच्या वाटेस न जाणे श्रेयस्कर.

पेटी जितकी उंच तितका तळाशी उजेड कमी पोहोचतो. सबब दीड फुटापेक्षा उंच पेटी केवळ शोभेसाठी घेऊ नये. दिव्याचा उजेड बाजूला वाया जाऊ नये म्हणून वरच्या झाकणाला आतून पांढरा रंग द्यावा. विहिरी व बोअरचे पाणी जड असेल, तर झाकणाच्या काचेवर क्षारांचा पांढरा थर चढतो व उजेड अडतो. ती काच आठवड्यातून एकदा पुसून घ्यावी. नवा दिवा आणण्यापूर्वी जुनी काच पुसून पाहणे केव्हाही स्वस्त पडते.

दिवा कोणता घ्यावा

पांढरा एलईडी दिवा घरोघरी पोहोचण्यामागे निळ्या एलईडीचा शोध आहे. त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्या लेपातून बाहेर पडतो व दोहोंच्या मिश्रणाने पांढरा उजेड तयार होतो.

वेष्टनावर ६५०० के किंवा ४००० के अशी छाटा दर्शविणारी संख्या असते. ६५०० के म्हणजे दिवसासारखा स्वच्छ पांढरा उजेड. तो पेटीसाठी उत्तम. ३००० के चा पिवळसर दिवाही झाडांना चालतो, परंतु पाणी गढूळल्यासारखे दिसते. वेष्टनावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण असल्याची खात्री करावी. खेड्यांत विजेचा दाब सारखा कमी-जास्त होतो. म्हणून दिवा किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो हेही वाचावे व ज्याची मर्यादा रुंद असेल तो पसंत करावा.

बुडबुड्यांची परीक्षा

दोन दिव्यांपैकी कोणता घ्यावा असा संभ्रम पडल्यास वनस्पतीलाच विचारावे. काचेच्या एका पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवावा. हायड्रिलाची बोटभर लांब, ताजी फांदी धारदार पात्याने कापून कापलेले टोक वर येईल अशी पाण्यात उलटी बुडवावी. फांदी तरंगू नये म्हणून खालच्या बाजूस लहान खडा बांधावा. अंधाऱ्या खोलीत दिवा पेल्यापासून अर्ध्या फुटावर धरावा, दहा मिनिटे थांबावे व मग कापलेल्या टोकातून दर मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते तीनदा मोजून सरासरी काढावी. नंतर तीच फांदी, तोच पेला व तेच अंतर ठेवून दुसरा दिवा लावावा.

महाग दिव्याखाली बुडबुडे थोडेच अधिक येत असतील, तर त्या थोड्याशा फरकासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्यात हशील नाही. ज्या घरात आठवी-नववीतील मूल आहे, त्या घरी ही परीक्षा त्याच्याकडूनच करवून घ्यावी. शाळेतील धडा घरच्या हिशेबाला उपयोगी पडेल.

दिवा किती वेळ लावावा

नव्या पेटीत पहिले तीन-चार आठवडे रोज ६ तास व पुढे ८ तास दिवा लावावा. वेळ रोज एकच असावी. वीज गेल्यामुळे एखादे दिवशी दोन तास उजेड बुडाला तरी झाडांचे काही बिघडत नाही. त्याची भरपाई म्हणून रात्रभर दिवा ठेवू नये. आपोआप दिवा लावणारे-विझविणारे यंत्र, म्हणजे टायमर, घेतल्यास विसरण्याचा प्रश्न मिटतो. मात्र चकतीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो व वीज आल्यावर मागे पडलेल्या वेळेप्रमाणे चालतो. भारनियमनाच्या गावी आत घट असलेला आकडी टायमर घ्यावा.

पेटी खिडकीच्या थेट उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा. दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्सपर्यंत प्रखर असते. शिवाय वैशाखात वाशीमकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या उन्हात पाणी तापते, हिरवे होते व मासे दगावतात.

उजेडाचे प्रमाण चुकल्याची चिन्हे ओळखणे सोपे आहे. खोडे बारीक व उंच होऊन पेरे लांबली व खालची पाने गळू लागली, तर उजेड कमी पडत आहे. पाणी हिरवे झाले, पानांवर दोरे लोंबू लागले व काच दोन दिवसांत हिरवट झाली, तर उजेड जास्त आहे. अशा वेळी औषध टाकण्यापूर्वी दिव्याचे दोन तास कमी करावेत. नवी पाने पिवळी पडत असतील, तर दोष प्रकाशाचा नसून बहुधा लोहाचा आहे.

विजेपासून जपावे

पाणी व वीज यांची गाठ पडते तेथे जिवाशी खेळ असतो. पेटीत हात घालण्यापूर्वी दिवा, पंप व इतर सर्व साधनांची बटणे बंद करून पिना काढाव्यात. दिवा व पाणी यांच्यामध्ये काचेचे झाकण असावे. उघड्या पाण्यावर साधा होल्डर टांगू नये. दिव्याची तार बटणाकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी पिनेत न शिरता झोळातून खाली ठिबकते. घराला अर्थिंग असावे व गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घ्यावा. दिव्यावर वाचविलेला पैसा प्रथम येथे खर्च करावा.

खर्चाचा हिशेब

दोन फुटी पेटीवर १० वॉटची एलईडी पट्टी रोज ८ तास चालविल्यास महिन्याला २.४ युनिट वीज लागते. जुन्या ६० वॉटच्या तारेच्या बल्बला, उजेड कमी देऊनही, १४.४ युनिट लागतात. एका पेटीला हा फरक किरकोळ वाटेल; परंतु एखाद्या कुटुंबाने वीस पेट्या मांडल्या, तर एलईडीचे ४८ व बल्बचे २८८ युनिट होतात. दर युनिटला ८ रुपये धरले, तरी महिन्याला १,९२० रुपयांचे अंतर पडते. लहान धंद्याचा नफा एवढ्याच रकमेत असतो किंवा नसतो.

विक्रीसाठी पुष्कळ झाडे वाढवावयाची असल्यास याहूनही स्वस्त दिवा आकाशात आहे. परसात उथळ सिमेंटची टाकी बांधून तिच्यावर ५० ते ७५ टक्के सावली देणारे हिरवे जाळे ताणले, तर बहुतेक जाती विजेवाचून वाढतात. खोलीतील पेटी ग्राहकाला दाखविण्यासाठी व नाजूक रोपे सांभाळण्यासाठी ठेवावी. तळ्यातून आणलेली हायड्रिला पेटीत सोडण्यापूर्वी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी द्रावणात १० मिनिटे बुडवून, स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावी, म्हणजे गोगलगायी व जळवा आत येण्याचे भय कमी होते. उलट, पेटीतील परदेशी झाडे व मासे पैनगंगेत, अडाणात किंवा गावतळ्यात कधीही सोडू नयेत.

रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा वा वाशीम, तालुका कोणताही असो, सुरुवात एका पेटीने व एका पट्टीने करावी. योजनांची चालू माहिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून घ्यावी. करडा येथील कृषी विज्ञान केंद्राकडेही जोडधंद्यांविषयी विचारणा करता येईल. तीन महिने ती एक पेटी हिरवीगार राहिली, तरच दुसरी मांडावी. बैलजोडी घेताना शेतकरी शिंगांच्या रंगावर भुलत नाही, चालवून पाहतो. दिव्याच्या बाबतीतही तोच शहाणपणा उपयोगी पडेल.